छाटणीआधी एकदा वर बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात एका हॉस्पिटलच्या आवारातला जुना शिरीष तोडला. कोणतं हॉस्पिटल ते लिहीत नाही. माझं त्यांच्याशी भांडण नाही, माझी बायको तिथूनच स्वतःच्या पायांनी बाहेर आली. परवानगीचा कागद त्यांच्याकडे होता, तो मी मागून पाहिला. मी तिकडे तिची बीपीची औषधं घ्यायला गेलो होतो, तर फाटकापाशी ओंडके रचलेले आणि सगळ्या पार्किंगमध्ये भुसा. कटरवाल्या पोराला विचारलं, का रे तोडलं? तो म्हणाला, "काका, आतून पोकळ होतं. काही कामाचं नव्हतं."

त्या पोकळीत कोण राहायचं ते मला माहीत आहे, म्हणून हे पत्र. थोडं लांबेल. कापायचं तर शेवटून कापू नका, मागणी शेवटी आहे.

मी निवृत्त एसटी चालक. ३१ वर्षं स्टेअरिंग धरलं, त्यातली बरीचशी पेठ, हरसूलकडे. मुक्कामी गाडी घेऊन संध्याकाळी निघायचं, गावात गाडीतच पथारी टाकायची आणि पहाटे शाळेची पोरं, दुधाच्या किटल्या, बाजारच्या बायका भरून नाशिकला परत. आता कुणाला वाटेल, सावळघाटातून इतकी वर्षं गेलेल्या माणसाला झाडापाखरांची चांगलीच ओळख असेल. अजिबात नव्हती. ड्रायव्हरची नजर रस्त्यावर. मी झाडं पाहिली ती सहा फुटांपर्यंत, गेरू-चुन्याचे पट्टे मारलेले बुंधे. रात्री हेडलाइटमध्ये ते पट्टे एकामागून एक येतात, त्यावरून वळण कळतं. बुंध्याच्या वर काय असतं याच्याशी आमचा संबंध फांदी टपाला घासली तरच.

वर बघायला शिकलो ते २०२१ च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, आणि ते काही हौसेने नाही.

१३ एप्रिलला पाडवा होता. सकाळी गुढी उभारली तेव्हा हिला ताप होताच, पण पाडव्याला ताप सांगायचा नाही असा हिचा स्वभाव. दुपारी धाप लागली. शेजारच्या पोराने ऑक्सिमीटर आणून बोटाला लावला, ८६. त्या दिवसांत नाशिकमध्ये बेड मिळवणं म्हणजे काय होतं ते वाचकांना मी सांगायला नको. मुलाने अकरा ठिकाणी फोन केले, बाराव्या ठिकाणी जागा मिळाली. रात्री घरी आलो तर गुढी तशीच उभी. सूर्य मावळायच्या आत उतरवायची असते. मी ती अंधारात उतरवली, कडुनिंबाचा डहाळा सुकून गेला होता. माणूस अशा वेळी नको ते मनात आणतो, मीही आणलं.

दुसऱ्या दिवसापासून माझी नवी ड्युटी सुरू झाली. आत सोडत नव्हते. डबा फाटकावर द्यायचा, झाकणावर चिकटपट्टी, तिच्यावर बेड नंबर १४. दुपारी एकच्या आत एक, संध्याकाळी सातच्या आत एक. मधल्या वेळात घरी जाऊन करायचं काय? आमच्यासारखी वीस-पंचवीस माणसं त्या आवारात, रस्त्याच्या कडेला, गाड्यांच्या आडोशाला दिवसभर बसून असायची. बोलणं एकच. छातीच्या सीटीचा स्कोर किती? ऑक्सिजनची लेव्हल किती? इंजेक्शन किती मिळाले? तिथे कुणाला नाव नव्हतं, सगळे आकड्याने ओळखायचे. "ते सोळा स्कोरवाले" म्हणजे मी.

शिरीष कंपाउंडच्या कोपऱ्यात होता. सावलीसाठी मी त्याखाली बसायचो. तेव्हा तो फुलावर होता, फिकट पिवळी रेशमासारखी फुलं, संध्याकाळी वास सुटायचा. तोंडावर दोन मास्क, तरी यायचा. तिसऱ्या की चौथ्या दिवशी डोक्यावर घारीसारखा आवाज आला, चिरका. पाहतो तर राखाडी रंगाचा लांब शेपटीचा पक्षी, चोच वाकडी आणि चोचीवर छोटंसं शिंग. तो खोडाला चिकटून बसला आणि चोच खोडात घालून काहीतरी करू लागला. मला वाटलं किडे काढतोय. वॉचमन म्हणाला, "तो? तो रोज येतो. बायकोला आत कोंडलंय साल्याने."

नीट बघितलं. जमिनीपासून साधारण दोन मजले उंचीवर एक जुनी फांदी कधीतरी मोडली असावी, तिथे ढोली झाली होती. ढोलीचं तोंड मातीसारख्या कशाने तरी लिंपलेलं. मध्ये उभी चीर, बोट जाईल एवढी. त्या चिरेतून आतल्या चोचीचं टोक दिसलं.

या पक्ष्याला राखी धनेश म्हणतात, कुणी शिंगचोच्या म्हणतं, हे मला मुलीने फोनवर सांगितलं. ती पुण्यात, लॉकडाऊनमध्ये अडकलेली, तिला तेवढंच करता येत होतं. मादी अंडी घालण्याआधी ढोलीत शिरते आणि विष्ठा, माती वापरून आतूनच दार लिंपते. म्हणजे कोंडलं वगैरे काही नाही, वॉचमनचा अंदाज चुकला. स्वतःच दार लावून घेते, साप-माकडांपासून पिल्लं वाचावीत म्हणून. आणि आत गेल्यावर पंखांची पिसं झाडून टाकते. उडायचं म्हटलं तरी उडता येत नाही. पिसं पुन्हा येईपर्यंत आणि पिल्लं मोठी होईपर्यंत, सगळे मिळून दोन-अडीच महिने, तिची भिस्त बाहेरच्यावर. त्याने आणलं तर खायचं.

मी हातातल्या रिकाम्या पिशवीकडे बघितलं. संपादक महोदय, मला त्या वेळी अगदी काही उदात्त वाटलं नाही. मनात एवढंच आलं की याला गेटवर कुणी अडवत नाही.

त्याची आणायची पद्धत बघण्यासारखी होती. रस्त्यापलीकडे एक वड आहे, तो अजून आहे, त्याची लाल फळं तो गिळून आणायचा. चोचीत एखादंच दिसायचं, बाकी सगळी घशात. चिरेपाशी बसला की मान खाली घालून उचकी दिल्यासारखं करायचा, चोचीच्या टोकाशी एक फळ यायचं. ते आत द्यायचं. पुन्हा उचकी, पुन्हा एक. घाई नाही. एका खेपेत मी एकदा सात मोजली, एकदा अकरा, एकदा सतरा. शेवटचं दिलं की तो चोच दोन-तीन वेळा खोडावर घासायचा, इकडून तिकडून, जसा आपण चमचा कडेला पुसतो. मग पंख मारत, मध्येच तरंगत, पुन्हा वडाकडे.

हिच्याशी फोनवर बोलणं अवघड होतं. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, बोललं की लेव्हल खाली. आतल्या एक मावशी फोन कानाला लावून द्यायच्या, मी बोलायचं, हिने ऐकायचं. पण बोलायचं काय? घरातल्या गोष्टी सांगितल्या तर ती काळजी करणार, बाहेरच्या सांगितल्या तर जास्तच. तिला बऱ्या वाटतील अशा बातम्या त्या महिन्यात शहरात नव्हत्या. म्हणून मी धनेशाचं सांगितलं. ढोली, चीर, लिंपण, सगळं. आणि म्हणालो, आज दुपारच्या खेपेला सतरा आणली.

संध्याकाळी तिचा मेसेज आला. एकच शब्द. "किती?"

तेव्हापासून रोज ती "किती?" विचारायची आणि मी आकडा टाकायचो. ९. १४. १२. एकदा "८ आणि एक सरडा". त्यावर तिने चेहरा वाकडा केलेलं चित्र पाठवलं, चौदा नंबरच्या बेडवरून आलेला तो पहिला विनोद. दिवसभर जे आकडे आमच्या कानांवर आदळत होते त्यांत हा एकच आकडा असा होता की जो सांगताना माझा घसा सुकत नसे. आशा आशा म्हणतात ती एवढीच होती. बरं होण्याची खात्री वगैरे काही नाही. संध्याकाळी सातला सांगायला आकडा हवा, म्हणून दुपारभर वर बघत बसायचं.

पेपरात अशा गोष्टी छापून येतात तेव्हा पुढे असं असतं की पाखराने बळ दिलं, संकेत दिला. माझा अनुभव तसा नाही, आणि खोटं लिहिणार नाही. २१ एप्रिलला रामनवमी होती. काळारामाचं मंदिर बंद, रामजन्माच्या वेळेला शहरात शुकशुकाट. त्याच दुपारी आपल्या गावात ऑक्सिजनच्या टाकीची गळती झाली आणि वीसहून जास्त माणसं गेली. आमचं हॉस्पिटल वेगळं होतं, पण बातमी आली तेव्हा आवारातली सगळी माणसं उठून फाटकाला भिडली. वॉचमन बिचारा हात जोडत होता. आत फोन लागेना. चाळीसेक मिनिटांनी मावशींनी खिडकीतून अंगठा दाखवला. त्या दिवशी धनेश आला होता का, कोण जाणे. मी वर पाहिलंच नाही. रात्री हिचा मेसेज आला, "किती?" मी १० लिहिलं. ते खोटं होतं. गेल्या वर्षी कबूल केलं, तर म्हणाली, मला तेव्हाच कळलं होतं, तुमचे आकडे गोल नसतात.

त्याच आठवड्यात माझे थोरले भाऊ गेले. सिन्नरकडे असायचे. शेवटचं तोंड बघायला मिळालं नाही. अमरधाममध्ये लांबून हात जोडले, तिथे नंबर लागले होते. तिथून अंघोळीसाठी घरी, मग डबा घेऊन फाटकावर. झाडाखाली बसलो तर तो आला, मान घातली, एक दिलं, दुसरं दिलं. मला त्याचा राग आला. खरंच राग आला. याला काही पडलेलीच नाही, दुनिया जळतेय आणि याचं चाललंय. हातात खडा होता. मारला नाही, एवढंच. बसून राहिलो. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की मी मोजतोय. तेरा झाली होती. दादांचं तिला सांगायचं नव्हतं, म्हणून तेरा लिहिलं. गोल नव्हता, त्यामुळे तिने विश्वास ठेवला.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, १४ मेला, ही घरी आली. सोबत ऑक्सिजनचं मशीन. पुढचे दीड महिने घरात त्याचा घुर्र आवाज. जूनमध्ये पहिला पाऊस पडून गेल्यावर तिने मला हॉस्पिटलकडे पिटाळलं, "बघून या." ढोलीचं तोंड मोकळं होतं. खाली लिंपणाचे खपले पडले होते, वाळक्या शेणासारखे, त्यात वडाच्या बिया. एक खपला उचलून आणला. ती त्याकडे बघून म्हणाली, "सुटल्या बाई." बहुवचन कुणाला ते मी विचारलं नाही.

आता मूळ मुद्दा. धनेशाची चोच एवढी मोठी दिसते, पण तिने त्याला ढोली कोरता येत नाही. तांबट पक्षी कोरतो, सुतारपक्षी कोरतो. धनेशाला आयती लागते, तीही मोठी. फांदी मोडायची, पाणी शिरायचं, लाकूड कुजायचं, आतून पोखरायचं, आणि एवढं होऊन झाड उभं राहायचं, यात एक पिढी जाते. पिंगळा, पोपट, साळुंकी याच रांगेत. म्हणजे ज्याला आपण "कामाचं नाही" म्हणून पहिलं तोडतो, ते झाड यांच्या दृष्टीने शहरात सगळ्यांत कामाचं.

आपल्याकडे झाडांचा कायदा १९७५ पासून आहे. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली, पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष म्हटलं आणि झाड जेवढ्या वर्षांचं तेवढी नवी लावायची असा नियम आला. चांगला नियम आहे. साठ वर्षांचा शिरीष गेला, साठ रोपं लागली, सगळी जगली असंही धरू. पण त्या साठांत मिळून ढोल्या किती? शून्य. पुढची कित्येक वर्षं शून्यच. २०२५ च्या नोव्हेंबरात तपोवनात साधुग्रामसाठी तोडायच्या १८०० च्या आसपास झाडांवरून गाव पेटलं, मीही दोनदा जाऊन उभा राहिलो. सिंहस्थ २०२७ चा, साधूंची सोय झालीच पाहिजे, त्यात वाद नाही. पण त्या सगळ्या वादात किती तोडणार आणि किती लावणार एवढाच हिशेब ऐकला. पाच वडांवरून पंचवटी नाव मिरवणाऱ्या गावाने झाडाच्या आतही बघावं, ही अपेक्षा फार नाही.

लावलेली झाडं वाढत नाहीत असं नाही. पेठ रोडने जाताना रामशेजच्या शेजारचा बोरगड मी उघडाबोडका पाहिलाय. माणसांनी वर्षानुवर्षं खपून तिथे झाडं जगवली, २००८ मध्ये तो संवर्धन राखीव झाला, आज पावसाळ्यात बघा. रोपाने डोंगर हिरवा होतो. ढोली मात्र म्हाताऱ्या झाडालाच पडते.

धोकादायक झाडाचं मला कुणी सांगू नये. सावळघाटात भर पावसात माझ्या गाडीपुढे आंब्याचं खोड आडवं झालंय, गाडीत चोपन्न माणसं होती. दहा फूट पुढे असतो तर हे पत्र तुम्हाला आलं नसतं. तरीपण फांद्यांचा भार कमी करून खोड उभं ठेवता येतं, टेकू देता येतो. सगळीकडे नाही जमणार. काही ठिकाणी जमेल.

दुसरं, वेळेचं. पावसाळ्याआधीची छाटणी आपल्याकडे निघते एप्रिल-मेमध्ये. नेमकं तेव्हाच मादी आत असते, पिसं झडलेली, दार लिंपलेलं. कटरचा आवाज आला तरी तिला उडून जाता येत नाही. हीच छाटणी थंडीत उरकली तर कुणाचं काय अडतं? वीजवाल्यांच्या तारा थंडीतही तिथेच असतात.

मुलीने मध्यंतरी एक माहिती धाडली. १९८४ साली रॉजर उलरिच नावाच्या अमेरिकन संशोधकाने 'सायन्स' मासिकात लिहिलं होतं. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या ४६ पेशंटच्या नोंदी त्याने ताडून बघितल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंतवाले ८.७० दिवसांत. झाडंवाल्यांना कडक वेदनाशामकंही कमी लागली. फरक म्हणाल तर पाऊण दिवसाचा. ज्याने हॉस्पिटलचं बिल भरलंय त्याला विचारा पाऊण दिवस म्हणजे काय. आमच्या हिला मात्र खिडकीतून झाड दिसत नव्हतं, जनरेटर दिसायचा. झाड बाहेर बसणाऱ्यांच्या वाट्याला आलं होतं, आणि हॉस्पिटल बांधताना त्या बाहेर बसणाऱ्यांसाठी साधा बाकही कुणी ठेवत नाही.

तर मागणी अशी. ज्या कुणाच्या आवारात जुनं झाड आहे, हॉस्पिटल, शाळा, सोसायटी, त्यांनी परवानगीचा अर्ज लिहिण्याआधी खाली उभं राहून पाच मिनिटं वर बघावं. ढोली असेल तर अर्जात तसं लिहावं. आणि महापालिका झाडं मोजते तेव्हा बुंध्याचा घेर टिपून घेते, त्याच कागदावर ढोलीसाठी एक रकाना वाढवावा. छापायला शाई लागेल तेवढाच खर्च.

मोजायला माणसं नाहीत असं उत्तर येईल. मी मोकळाच आहे. पेठ नाका ते रामशेजपर्यंतची रस्त्याकडची झाडं मी बुंध्यावरून ओळखतो, आता फक्त मान वर करायची. दोन जण लागतात, एक वर बघणारा आणि एक लिहून घेणारा. लिहून घेणारी घरात आहे. तिची वही २०२१ पासून चालू आहे, आणि आकडा गोल सांगितला तर ती लिहून घेत नाही, एवढं फक्त सोबत येणाऱ्याने ध्यानात ठेवावं.

आपला,
एक निवृत्त एसटी चालक,
पंचवटी, नाशिक